बाकावरची मैत्रीण

'घरीच तर असतेस, मग अभ्यासाला वेळ कसा मिळत नाही गं?' हे वाक्य ऐकलं नाही अशी ऑनलाइन शिकणारी गृहिणी शोधूनही सापडायची नाही.

आमच्या ओळखीतल्या एकीने लग्नानंतर बारा वर्षांनी ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घातलं. दुपारी भांडी आवरून फोन हातात घ्यावा, तर दारात गॅसवाला. रात्री तोच फोन मुलाच्या गृहपाठाला. घसाऱ्याचं एक गणित तीन आठवडे अडलं. विचारणार कुणाला? शेवटी तिने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. कॉलेज सोडलेली मुलगी घरी बसलेली दिसते, चार जण चौकशी करतात. हिचं शिक्षण सुटलं ते घरातही कुणाच्या लक्षात आलं नाही.

गणित काही फार अवघड नव्हतं हो. बाकावर शेजारी कुणी नव्हतं, एवढंच! म्हणून मैत्रिणींनो, फी भरण्याआधी मदतीची सोय बघा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि इग्नू (१९८५) यांच्या दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासकेंद्र मिळतं. बहुधा ते एखाद्या कॉलेजातच असतं. तिथल्या संपर्कसत्रांना जा, शंका विचारा. निव्वळ ऑनलाइन अभ्यासक्रमाला असं केंद्र असेलच असं नाही. तेव्हा 'अडलं तर कुणाला विचारायचं?' हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच टाका. पदवीला यूजीसीची मान्यता आहे ना, हेही तपासा.

फुकटची मदतही बरीच आहे. इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश'वर मोफत वाचता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयं'वर अनेक विषयांचे धडे मोफत आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते. फोन मुलांच्या हातात असेल, तर 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या टीव्हीवरही लागतात.

पण खरी मदत माणसांचीच. गावात आणखी कोण शिकतंय, याचा शोध घ्या. दोघी-तिघी जमल्या तरी पुरे. आठवड्यातून एकदा वाचनालयात नाहीतर कुणाच्या ओसरीवर बसा. भिशी ठरलेल्या दिवशी जमते, मग अभ्यास का जमू नये?

आणि घरच्यांना एक सांगणं. सुनेच्या हातात फोन दिसला की लगेच भुवया उंचावू नका. तिला रोज एक तास द्या, ठरलेला आणि कुणीही हाक न मारण्याचा. कुकरच्या शिट्ट्या तेवढा वेळ दुसरं कुणी मोजेल की! हा तास म्हणजे तिच्यावर उपकार नव्हेत. उद्या ती कमावती झाली, मुलांचा अभ्यास घेऊ लागली, तर फायदा सगळ्या घराचाच आहे.

आमच्या त्या मैत्रिणीने पुढच्या वेळी फॉर्म भरला. शेजारच्याच गल्लीत पतसंस्थेत काम करणारी एक ताई निघाली. ते घसाऱ्याचं गणित दोन संध्याकाळींत सुटलं. 'अगं, आधी का नाही आलीस?' असं ती ताई म्हणाली. आपण विचारत नाही, कारण या वयात विचारायची लाज वाटते. ती लाज तेवढी सोडा. पुढचं गणित सुटतं.