दाबाखालची मंडळी

डोंबिवलीहून रोज लोकल गाठणाऱ्याला दाबाची काय मातब्बरी! दहा मीटर पाण्याखाली तो दुप्पट होतो म्हणे. आम्हां प्राध्यापक मंडळींना तो नित्याचाच. मात्र गर्दीत आम्ही श्वास रोखून धरतो, आणि पाणबुड्याला नेमके तेच वर्ज्य. वर येताना कोंडलेली हवा फुगते नि फुप्फुस फाटते.

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेची प्रवाळे पाहायची, तर बोटीवरच बिऱ्हाड करावे लागते. आम्ही आपले ठाण्याला तुतारी एक्सप्रेस धरून कुडाळमार्गे मालवण गाठले. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे.

पाण्याखाली अंगठा वर केला, की त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’! निवृत्तीला आठ महिने उरलेले आमचे गणिताचे सर जन्मात प्रथमच समुद्रात उतरत होते. पट्टेरी माशांचा थवा दिसताच त्यांचा अंगठा हर्षभराने वर गेला, आणि पाठोपाठ सरही!

होडीत ते अगदी रडवेले झाले. “आता कुठले पुन्हा येणे!”

प्रशिक्षक पोरगा भला. जादा पैसे न मागता त्याने त्यांना पुन्हा उतरवले. या खेपेस सरांनी मुठी घट्ट आवळल्या होत्या, अंगठे आत!