फोनला कशाला बोल लावता?

तर झालं असं की, सावंतवाडीच्या माझ्या मावशीने लाकडी फळांचा एक संच मुंबईच्या एका बाईंना पाठवला आणि आठवड्याभरात तो परत आला. फोटोतलं डाळिंब म्हणे विटकरी होतं, आणि हातात पडलं ते लालभडक. वेगळाच माल पाठवलात, असा सरळ आरोप! पैसे परत करावे लागले त्याचं मावशीला फार नव्हतं. फळं रंगवणाऱ्या कारागिराचं नाव घेऊन ती एवढंच म्हणाली, "रंग बरो लावल्यान, आणि खोटो तो ठरलो!"

यावर आमच्या समस्त खानदानाने एकमुखाने निदान केलं: फोन जुना झालाय, नवा घ्या.

मंडळी, माझं भांडण इथे सुरू होतं. (नातेवाईकांपैकी जे हे वाचत असतील त्यांनी रागवायचं असेल तर खुशाल रागवावं.) फोन बिचारा समोर जो उजेड येतो तोच टिपतो. खरा गुन्हेगार होता मावसभावाने हौसेने मागवलेला घडीचा लाइट बॉक्स. छताला आतून चिकटवलेली एलईडीची पट्टी, मध्ये काही आडपडदा नाही. आणि चकचकीत रंगवलेलं फळ म्हणजे अर्धा आरसा. आंब्याच्या अंगावर पट्टीचे एकूण एक ठिपके रांगेने उमटलेले, जणू गोवर आलाय.

रंगाचं दुखणं त्याहून खोल. एलईडीत मुळात निळा उजेड तयार होतो, त्यावरच्या पिवळट लेपातून तो पांढरा होतो. स्वस्त दिव्यांत गडद लाल भाग फार कमी पडतो. उजेडातच लाल नाही तर डाळिंब तो परत कुठून पाठवणार? पुड्यावर 'सीआरआय ८०' वगैरे छापतात, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे. गडद लालचा हिशेब 'आर ९' म्हणून वेगळा असतो, आणि तो सहसा कुणी छापत नाही. का छापत नाही ते तुम्हीच ओळखा.

मग मी मावशीच्या पडवीत खोका घेऊन बसलो. किराणावाल्याकडचा पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजू आणि वरचं तोंड चौकटीपुरतं सोडून कापलं, त्यावर जुन्या मलमलच्या धोतराचे तुकडे ताणून चिकटवले. मागच्या भिंतीपासून तळापर्यंत पांढरा कार्डशीट, घडी न घालता वळवून सोडलेला, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. दिवे बाहेर, कापडाच्या पलीकडे. आत नाहीत! कागद, कापड आणि तापलेला बल्ब यांची सोयरीक करायची नसते. यातली खुबी एवढीच की, उजेड पडला की ते कापडच दिवा होतं. दिवा जितका मोठा आणि वस्तूच्या जवळ, तितकी सावली मऊ. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. मे महिन्यातल्या दुपारची सावली आठवा आणि श्रावणातल्या ढगाळ सकाळची.

खर्च केला तो फक्त दिव्यांवर. दोन्ही एकाच जातीचे, सीआरआय ९५ चे. घरातली ट्यूब बंद, नाहीतर फळ एका अंगाने निळं आणि दुसऱ्या अंगाने पिवळं. फोन पुस्तकांच्या चळतीवर, दोन सेकंदांचा टायमर. एवढं पांढरं बघून फोन बावचळतो आणि सगळं करडं करून ठेवतो, तेव्हा बोटाने उजेड थोडा वर सरकवायचा.

दादाचंही थोडं खरं आहे, हे कबूल करतो. त्याचा बॉक्स घडी होऊन कपाटात जातो, माझा खोका अख्खी पडवी अडवतो. तुम्ही म्हणाल, पडवीत ढगाळ उजेड फुकट असतो की! असतो ना, पण आंब्यापासून सीताफळापर्यंत जाईस्तोवर तो तीनदा बदलतो.

एका बाबतीत मात्र मी हटणार नाही. दादाला सावली अजिबात नको, विक्रीच्या साइटींना तसंच लागतं म्हणे. दोन्हीकडून सारखा उजेड मारून सावली पुसली की सीताफळाचे डोळे सपाट होतात आणि आंबा हवेत तरंगतो. ज्याने हाताने ती गोलाई आणली, त्याची मेहनत आपणच पुसायची? मी एक दिवा हातभर मागे सरकवला. फळाखाली जराशी सावली आली आणि आंबा जमिनीवर टेकला. साइटवरच्या पहिल्या फोटोत दादाने सावली पुसलीच, बाकीचे चार माझे आहेत.

नव्या फोटोतलं डाळिंब लालभडक आहे. परत आलेलं ते मीच घेतलं. मावशीने पैसे पूर्ण घेतले.