नाशिकचा बिनविरोध खासदार

नाशिकच्या मतदारांनी यशवंतराव चव्हाणांना लोकसभेत पाठविले, असे आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. काटेकोरपणे पाहिले तर तसे घडले नाही. १९६३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही, आणि १९६७ साली ते साताऱ्याकडे गेले. लोकसभेसाठी त्यांच्या नावापुढे शिक्का मारण्याची संधी नाशिककरांना कधी मिळालीच नाही. ज्या विरोधी पक्षांनी द्विभाषिकाच्या काळात या मुख्यमंत्र्यावर टीकेचे आसूड ओढले होते, त्यांनीच ही जागा त्यांना मोकळी करून दिली. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम तेव्हा ताजी होती, आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे शब्द घरोघर पोहोचले होते.

या संरक्षणमंत्र्याचे स्मरण आपण करतो. १९७४ ते १९७७ या काळातील परराष्ट्रमंत्री मात्र आपल्या स्मृतीतून जवळजवळ पुसला गेला आहे. देवराष्ट्रे या खेड्यात १९१३ साली जन्मलेला, लहानपणीच पितृछत्र हरपलेला आणि आई विठाबाईंच्या कष्टांवर शिकलेला हा मुलगा ताश्कंदच्या वाटाघाटींत शास्त्रीजींबरोबर होता, आणि पुढे देशाचे परराष्ट्र खातेच त्याच्याकडे आले. ते आले तेव्हा व्हिएतनामचे युद्ध संपले नव्हते. त्या युद्धाच्या एका बाजूने न्गुयेन थी बिन्ह या विदुषीने १९७३ च्या पॅरिस करारावर स्वाक्षरी केली होती. पुढे १९७६ पासून त्या आपल्या देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या. महासत्तेला थकवून वाटाघाटीच्या मेजाशी बसणे ही एक मुत्सद्देगिरी झाली. यशवंतरावांच्या वाट्याला तिच्या उलट काम आले होते. ज्याने आपल्याला हरविले, त्या शेजाऱ्याशी मान खाली न घालता पुन्हा बोलणे सुरू करायचे होते.

१९६१ पासून पेकिंगमध्ये भारताचा राजदूत नव्हता. दूतावासाचा कारभार प्रभारी अधिकारी पाहत. एप्रिल १९७६ मध्ये राजदूत पुन्हा नेमण्याचा निर्णय यशवंतरावांनी लोकसभेत जाहीर केला आणि के. आर. नारायणन तेथे रवाना झाले. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. निर्णय अर्थातच एकट्या परराष्ट्रमंत्र्याचा नव्हता. इंदिराजींच्या मंत्रिमंडळात तो तसा असूही शकला नसता. परंतु पराभवानंतर सैन्याची उभारणी करण्यासाठी ज्याला बोलावले, त्याच्याच तोंडून ही घोषणा झाली, यातील अर्थ लहान नाही. सैन्य सज्ज केले म्हणून बोलण्याची दारे लावून घ्यावी लागत नाहीत, हे त्यांना उमगले होते. ‘बेरजेचे राजकारण’ हा त्यांचा शब्द आपण पक्षांतरांच्या संदर्भात वापरून पार झिजवून टाकला. त्याचे अधिक भारदस्त उदाहरण येथे सापडते.

याच काळातील दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चित्र खरे ठरणार नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लादली गेली. मंत्रिमंडळासमोर निर्णय आला तो झाल्यावर, आणि यशवंतराव मंत्रिपदावर राहिले. १९४२ साली ज्यांनी भूमिगत राहून सातारा जिल्ह्यात लढा दिला, ज्यांच्या पत्नी वेणूताईंना त्या लढ्यापायी तुरुंग पाहावा लागला, त्यांनी बेचाळीसचेच नायक जयप्रकाश कोठडीत असताना परराष्ट्र खाते सांभाळले. जगभर सरकारची बाजू मांडणे हे त्याच खात्याचे काम होते. पक्षशिस्त आणि सत्तेच्या आत राहूनच काही करता येते ही श्रद्धा त्यांच्या स्वभावात होती, हे खरे; पण त्या स्वभावाची किंमत येथे फार पडली, असे आम्हांस वाटते. १९७९ साली ते उपपंतप्रधान झाले, पुढे इंदिराजींच्या पक्षात परतले. ती धरसोड त्यांच्या चाहत्यांनाही समजावून सांगता आली नाही.

नाशिककडे पुन्हा वळू. ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४ सालचा, म्हणजे यशवंतराव संरक्षणमंत्री व येथील खासदार असतानाचा. मिगचा परवाना-करार त्यांच्या आधी, १९६२ च्या ऑगस्टमध्येच झाला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे. सगळे श्रेय एकाच्या पदरात घालण्याची आपली सवय जुनी आहे. त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९८९ साली, नाशिकला त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ झाले. कारकुनी सांभाळून रात्री पदवीचा अभ्यास करणारे आणि अर्धवट सुटलेले शिक्षण पुरे करणारे हजारो लोक प्रमाणपत्रावर ते नाव वाचतात. नावामागचा माणूस त्यांना क्रमिक पुस्तकात भेटतो तो मंगलकलश आणणारा मुख्यमंत्री म्हणून. त्यांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ही १९४६ पाशीच थांबते, पुढचे खंड लिहून होण्याआधी, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, ते गेले. दिल्लीची बावीस वर्षे त्यांच्या लेखणीतून उतरायची राहिली. ती लिहिण्याचे काम त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने हाती घ्यावे, आणि आणीबाणीचे प्रकरण त्यातून वगळू नये.