थोडक्यात गोडी

संगणकाला काम सांगण्याच्या भाषा आज शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक नवी भाषा सोयींची लांबलचक यादी घेऊन बाजारात उतरते. या गर्दीत स्कीम नावाची एक भाषा १९७५ सालापासून टिकून आहे. १९९८ साली तिची अधिकृत व्याख्या प्रसिद्ध झाली, ती अवघी पन्नास पानांची!

स्कीमची आई लिस्प. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तिची जुळवाजुळव सुरू केली. तिथेच पुढे गाय स्टील आणि जेरल्ड ससमन यांनी प्रयोगादाखल एक लहानशी लिस्प रचली. नाव ठेवले 'स्कीमर', म्हणजे कारस्थानी. पण त्यांच्या यंत्रावर फाइलच्या नावाला सहाच रोमन अक्षरांची मुभा. शेवटचे गळाले आणि उरले 'स्कीम'.

मराठीत क्रियापद शेवटी येते, इथे ते सर्वांत आधी. दोन आणि तीन मिळवायचे तर लिहायचे (+ २ ३). सगळे असे कंसांत. कंसांच्या या गर्दीची चेष्टा पुष्कळ झाली, पण व्याकरण जवळजवळ तिथेच संपते.

खरी गंमत पुढेच आहे. पाककृतीवरून पदार्थ होतो, हे आपण जाणतो. स्कीममध्ये एका कृतीच्या हाती दुसरी कृती देता येते आणि कृतीतून नवी कृतीही निघते. 'तीन मिळवणारी कृती करून दे' म्हटले की ती मिळते; तिला सात द्या, दहा येतील. तो तीनचा आकडा ती शिदोरीसारखा बरोबर बाळगते. काम पुन:पुन्हा करायचे, तर कृती स्वत:लाच हाक मारते. त्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

दुसरी गोष्ट डब्यांची. काही भाषांत डब्यावर आधीच चिठ्ठी लागते : यात साखरच. स्कीममध्ये डबा कोरा. ओळख आतल्या वस्तूची. त्यामुळे काम झटपट होते, पण साखरेऐवजी मीठ पडले असेल, तर ते चहा करताना कळते, आधी नाही.

लहान राहणेही फुकट नसते. भाषेत जे नाही, ते जो तो आपापल्या परीने भरतो. मग एकाच्या घरचा कार्यक्रम दुसऱ्याच्या घरी चालत नाही. म्हणून २००७ साली व्याख्या बरीच वाढवली, तर अनेक जाणकार बिनसले. अखेर २०१३ मध्ये पुन्हा एक छोटी व्याख्या वेगळी काढावी लागली. एम.आय.टी.नेही आपल्या प्रसिद्ध पहिल्या अभ्यासक्रमातून स्कीमला निरोप देऊन पायथॉनला जागा दिली.

मग घरातल्या मुलाने स्कीम का शिकावी? नोकरीच्या जाहिरातीत तिचे नाव क्वचितच दिसेल. पण नियम चार दिवसांत संपतात आणि मग समोर उरतो तो केवळ प्रश्न आणि आपली बुद्धी. सोयींच्या आड लपायला जागाच नसते. अवजड पेटी हाती देण्याआधी मुलाला सरगम शिकवतात, ती कशासाठी?