गर्दी नव्हे, जीर्ण लाकूड पाहावे

संपादक महाशयांस,


जेथे गर्दी अधिक तेथेच नवा रोलर कोस्टर येणार, हे गतांकातील पत्रलेखकांचे अनुमान मला मान्य नाही. टेक्सासमधील १९९० सालच्या ‘टेक्सास जायंट’चे हादरे प्रवाशांना असह्य होऊ लागले, तेव्हा त्याच्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून तो २०११ मध्ये नव्याने सुरू करण्यात आला, आणि हा दाखला ज्यांच्या स्मरणात होता, त्यांना ओहायोतील सीडर पॉइंट उद्यानाचा १९९१ सालचा लाकडी ‘मीन स्ट्रीक’ २०१६ मध्ये बंद होताच, त्याच धर्तीवर २०१८ साली अवतरलेल्या ‘स्टील व्हेंजन्स’ची चाहूल लागणे स्वाभाविकच होते. म्हणून भाकीत करू इच्छिणाऱ्याने तिकीटखिडकीपुढील रांगेपेक्षा जुन्या लाकडाची अवस्था व बांधकाम-परवान्यांचे दफ्तर निरखावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपला,
एक वाचक