पुढच्या ब्रेकला घाबरू नका

‘नवशिक्यांनी पुढच्या ब्रेकला हातच लावू नये’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला धोक्याचा आहे. ब्रेक लावताच दुचाकीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरू शकते. म्हणून गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. घात होतो तो वळणावर किंवा वाळूवर हा ब्रेक झटक्याने आवळल्यामुळे. गाडी सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाबत नेण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा. आरटीओत आठचा आकडा काढता आला, म्हणजे आडव्या आलेल्या कुत्र्यापुढे गाडी थांबवता येईलच असे नाही. शिकाऊ परवान्यानंतर पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. ते याच सरावाला द्यावेत.

— एक वाचक, सातारा