अजगर नंतर, आधी फ्रीझर

साप पाळायचा म्हणून सल्ला विचारायला कुणी तरुण आला की मी त्याला सापाबद्दल काही विचारत नाही. घरात फ्रिज एकदारी की दुदारी, वीज किती वेळ जाते आणि आईला सांगितलंय का, एवढंच विचारतो. बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला गळतात.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी बहुतेक पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या पट्ट्यात झाली. गाय, बैल, शेळी हे माझे रुग्ण. साप शिक्षणात नावापुरता भेटला. निवृत्तीनंतर बीडला राहायला आलो, तर इथंही पुण्यामुंबईहून आणलेला बॉल पायथन बाळगणारी एक-दोन पोरं ओळखीची झाली. हा आफ्रिकेतला छोटा अजगर. चार-साडेचार फुटांचा, बिनविषारी, भिला की चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. दिसायला देखणा आहे, हे मलाही मान्य. पण तो खातो उंदीर. ती पोरं माझ्याकडे येतात ती उंदरांसाठी.

कायद्याचं आधी उरकतो. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण हे पहिल्या अनुसूचीत आहेत; म्हणजे वाघाच्या पंगतीला. परदेशी सापांची गोष्ट वेगळी. बॉल पायथनसारखी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेली जात पाळायची, तर फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. तो आला कुठून, याचा कागद लागतो. हा कागद अनेकांकडे का नसतो, ते डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर दिसलं. बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटं-केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी पकडले.

समजा, कागद आहे. साप रीतसर घरी आला. आता त्याचं जेवण.

जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडायचा आणि मजा बघायची, हे प्रकरण मला अजिबात मान्य नाही. उंदरावर दया म्हणून तर नाहीच नाही, सापासाठीही नाही. भूक नसलेल्या सापाला कोंडलेला उंदीर कुरतडतो. पाठीचे मणके उघडे पडेपर्यंत कुरतडलेल्या सापांची छायाचित्रं आमच्या धंद्यातल्या पुस्तकांत आहेत. म्हणून जगभर जाणते लोक आधीच मारून गोठवलेले उंदीर देतात. त्यांत आकारांच्या पायऱ्या असतात: जन्मून एक-दोन दिवस झालेलं गुलाबी पिल्लू, लव आलेलं, डोळे उघडून उड्या मारणारं आणि पूर्ण वाढलेला. सापाचं अंग जिथं सर्वांत जाड, साधारण तेवढ्या जाडीचा उंदीर द्यायचा. मोठ्या झालेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एक पुरतो. खर्चाच्या मानानं कुत्र्यापेक्षा साप स्वस्त पडतो, हे पोरांचं म्हणणं खरं आहे.

एक पोरगा मात्र पांढरे उंदीर जिवंतच फ्रीझरमध्ये टाकत होता. थंडीनं गुंगी येऊन मरतात, त्रास होत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. साफ खोटं. ते हळूहळू आणि तळमळत मरतात. 1960 पासून प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध कायदा आहे आणि त्यात उंदीर वगळलेला नाही. परदेशातले व्यावसायिक पुरवठादार उंदीर मारायला कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. तोही प्रमाणात आणि हळूहळू सोडावा लागतो. घरगुती जुगाडाचं हे काम नाही.

दुसऱ्यानं सोपा मार्ग शोधला होता. शेतातले उंदीर फुकट मिळतात, तेच पकडून गोठवू. बीड जिल्ह्यात उंदरांचा तुटवडा नाही, हे कबूल. ज्वारी-सोयाबीनची सुगी आणि उसाचे फड असताना तो पडायचाही नाही. पण आमच्या शेतांत झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात, घराघरांत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. पहिलं विष उंदराच्या पोटात राहतं, दुसरं यकृतात साठतं. गोठवल्यानं दोन्ही जात नाहीत. उंदीर वरून टुणटुणीत दिसतो आणि तो खाऊन साप मरतो. बाहेरचा उंदीर पाळलेल्या सापाला कधीच देऊ नये.

आता फ्रीझर. इथं माझा जीव अडकतो, कारण आमची सगळी नोकरी थंडी सांभाळण्यात गेली. लाळ्या-खुरकूतची लस दोन ते आठ अंशांत ठेवायची. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. वीज गेली की आम्ही बर्फाच्या पिशव्या शोधत फिरायचो. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेला हा जिल्हा. पण 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी तेच केंद्र बंद ठेवायची पाळी आली होती, तिथं खेड्यातल्या फ्रिजची काय कथा! आणि गोठवलेला उंदीर लसीसारखाच आहे. रात्री वितळला, पहाटे वीज आली, पुन्हा गोठला. सकाळी बघणाऱ्याला तो दगडासारखा टणक दिसतो, काहीच कळत नाही. मधल्या तासांत त्यात जिवाणू वाढलेले असतात.

यावर उपाय फुकटातला आहे. वाटीभर पाणी गोठवायचं, त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ती वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यायची. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळलं होतं. मग उंदीर फेकायचे. ही वाटी घरच्या मटारासाठीही उपयोगी आहे, असं मी आमच्या घरात सांगून पाहिलं. आमच्या हिनं वाटी ठेवू दिली. उंदीर माझ्या हयातीत येणार नाही, असंही बजावलं.

तिचं चुकतं असं मला वाटत नाही. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर असावा, हेच उत्तम. ते परवडत नसेल तर झाकणाचा, नाव लिहिलेला स्वतंत्र डबा, तोही सगळ्यांत खाली. एकेक उंदीर वेगळ्या पिशवीत, आतली हवा दाबून काढलेली, आडवा सपाट ठेवलेला, वर तारीख. उणे अठरा अंश मिळत असेल तर पाच-सहा महिने ठीक. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा त्या तापमानाला जाईलच याचा भरवसा नाही, म्हणून थोडेच आणायचे.

द्यायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या भागात, बंद डब्यात ठेवायची. ओट्यावर उन्हात नाही. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात बुडवायची. पाणी हाताला सोसेल इतकंच. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून फुटतो आणि तो ओव्हन पुसायची पाळी पुन्हा आईवरच येते. पोट दाबून बघायचं, आत बर्फाची गाठ लागली तर अजून वेळ आहे. अंगानं जिवंत उंदराइतका उबदार झाला, की कोरडा करून लांब चिमट्यानं, संध्याकाळी, अंधुक उजेडात पुढं धरायचा. बॉल पायथनला ओठांवरच्या खाचांनी ऊब कळते. थंड उंदीर त्याला दगडच वाटतो. सकाळपर्यंत खाल्ला नाही तर टाकून द्यायचा. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही, इथं काटकसर नको. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, मित्रांना दाखवण्यासाठी तर मुळीच नाही. नाहीतर गिळलेलं तो ओकून टाकतो. डिसेंबरात बीडला पारा उतरतो तेव्हाही तेच. पिंजऱ्यात ऊब नसेल तर उंदीर पोटात पचत नाही, सडतो.

एवढं सगळं ऐकल्यावर एका पोरानं विचारलं, “काका, गोठवलं की जंतू मरतात ना?” नाही मरत. झोपतात. साल्मोनेला नावाचा जिवाणू गोठवूनही तगतो. ब्रिटनमध्ये 2015 पासून सापांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांमुळे शेकडो माणसं आजारी पडली, त्यांत लहान मुलं बरीच. म्हणून उंदराचा चिमटा, वाटी, कापड सगळं वेगळं, हात साबणानं धुवायचे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. टाकलेला उंदीर उघडा घंटागाडीत देऊ नये. बांधून द्यावा किंवा खोल पुरावा.

ही यादी ऐकून कंटाळा आला असेल तर उत्तमच. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. तो डबा, ती वाटी, ते गरम पाणी तितकी वर्षं चालवायचं. पोराची नोकरी लागेल, लग्न होईल, घर बदलेल. साप गोळा होऊन तिथंच असेल, आणि सुनेला फ्रीझर उघडायचा असेल. बंदी घाला असं मी म्हणत नाही. नोंदणी करताना कागद जसा बघतात तसं जेवणाची सोय काय, हेही विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे. खातो काय, हे ज्याला नीट सांगता येत नाही त्याच्या नावावर साप चढू नये.

आता जरा बाहेर बघू. ज्या जिल्ह्यात आपण आयात केलेल्या अजगरासाठी गोठवलेले उंदीर शोधतो, तिथंच फुकट उंदीर खाणारी धामण बांधावर दिसली की काठी निघते. ती बिळात शिरून पिल्लांसकट फडशा पाडते. फ्रीझर नको, वीज नको. तिच्याविरुद्धचे आरोप मी नोकरीभर ऐकत आलो. “डॉक्टरसाहेब, धामण गाईला पिती बघा, सड रिकामं झालंय.” जाऊन बघावं तर कास सुजलेली, गरम, दुधात गुठळ्या. कासदाह! आमच्याकडे दगडी म्हणतात ती. औषधानं बरी होणारी. मी किती वेळा समजावलं, की सापाला चोखता येत नाही, त्याला चोखण्याजोगे ओठ-गाल नाहीत, आणि त्याचे दात सडाला लागले तर गाय त्याला तुडवील. लोक मान डोलवायचे. पुढच्या खेपेला तीच गाय आणि तीच धामण. नागपंचमीला दूध-लाह्या ठेवणारेही आपणच. दूध सापाचं अन्न नाही. तहानेनं व्याकूळ केलेला साप ते प्यायला तरी त्याला बाधतं.

या सगळ्यात मधे अडकतात ते जखमी साप. जेसीबीखाली सापडलेले, कुळव लागलेले, नायलॉनच्या जाळीत कातडी सोललेले. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव केंद्र आहे, तिथं असे जीव उपचारासाठी आणतात. वनखात्याच्या परवानगीनं चालणाऱ्या अशा कुठल्याही केंद्राला लोक फोटो काढायला जातात, औषधाचं विचारतात. रोजच्या खाण्याचं क्वचित कुणी विचारतं. बरा होणारा साप खाल्ल्याशिवाय बरा होत नाही. प्रत्येकाचं ताट वेगळं: घोणशीला उंदीर, मण्यारीला दुसरे साप, दिवडाला बेडूक-मासे. त्यात माशांचीही गंमत आहे. काही जातींच्या माशांत जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारं द्रव्य असतं आणि ते फ्रीझरमध्येही काम करत राहतं. नुसत्या गोठवलेल्या माशांवर ठेवलेल्या सापाला त्यामुळे झटके येऊ लागतात. मासा आधी काही मिनिटं गरम पाण्यात काढला किंवा जीवनसत्त्व जोडलं तर ते टळतं. ही माहिती, चांगला फ्रीझर आणि त्याला इन्व्हर्टर, एवढं जिल्हा नियोजनाच्या पैशातून देता येण्यासारखं आहे. पुतळे-कमानींच्या मानानं हा किरकोळ खर्च.

सर्पमित्रांचं एक स्वतंत्र दुखणं आहे. 2025 च्या जुलैमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी त्यांना अधिकृत ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा देण्याचं बोलून दाखवलं. द्यावंच, रात्री-अपरात्री फडावरच्या कोप्यांपाशी नाग काढणारा माणूस ते कमावतो. पण ओळखपत्रावर एक अट छापावी: पकडलेला साप घरी ठेवायचा नाही. बरणीत, पिंपात, रील काढण्यासाठी आठवडाभर ठेवलेले साप मी पाहिले आहेत. त्यांना काय देता, असं विचारलं तर उत्तर येतं, अंडं. वर्ध्याकडे आढळणारा अंडीखाऊ साप सोडला, तर आपल्याकडचे फारच थोडे साप अंड्याकडे वळतात. बरणीतला साप त्या अंड्याशेजारी उपाशी मरतो.

घरात साप निघाला तर त्याला मारू नका, पाळूही नका. 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा, तोवर त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि मुलांना मागे घ्या. शेतात धामण दिसली तर फोनही करू नका, तिला जाऊ द्या.